बैठकीतलं जंगल

आबा, माझ्या लेकीनं, तुमच्या नातीनं, काल मोबाईलवर आपल्या बैठकीतलं चित्र शोधून काढलं. एकोणिसाव्या शतकातल्या कुण्या जर्मन चित्रकाराचं आहे म्हणे. तुम्ही हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्याची छापील प्रत काचेसकट उचलून आणलीत, तेव्हा आईनं विचारलं होतं, ना देव ना माणूस, नुसती झाडं कशापायी आणली? आपल्या दिंद्रुडच्या आसपास एवढी गच्च झाडी कुणी पाहिलीच नव्हती. पण चित्रात माणूस होता. डाव्या अंगाला, दोन खोडांच्या मधे, तांदळाच्या दाण्याएवढा, पाठमोरा. तो पहिल्यांदा तुम्हालाच दिसला आणि बरेच दिवस तुम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाहीत.

मग त्याला कामाला लावलंत. बांधावरून भांडलेले दोघं भाऊ तणतणत बैठकीत येतात. तुम्ही पानाला चुना लावत म्हणता, आधी चित्रातला माणूस हुडका, मग बोलू. दोघं नाइलाजानं भिंतीजवळ जातात, डोळे बारीक करतात. थोड्या वेळानं एक दुसऱ्याला म्हणतो, “तिकडं न्हाई बे, इकडं बघ.” निम्मा तंटा तिथंच मिटतो. पुढं पुढं गावाला तो माणूस पाठ झाला, तरी कुणी तसं बोलून दाखवलं नाही. जो तो नव्यानं शोधायचा. एकदा मी आगाऊपणानं एका म्हाताऱ्याला बोट करून दाखवलं, तर तुम्ही मला चारचौघांत झापलंत. मी दोन दिवस अबोला धरला. तुम्हाला त्याचं काही वाटलं असेल असं दिसलं नाही.

बारावीनंतर मला लातूरला नर्सिंगला जायचं होतं आणि घाटनांदूरचं स्थळ सांगून आलेलं. बागायती शेती, माणसं चांगली, नाव ठेवायला जागा नाही. काकांनी ऐकवलंच, आपल्या घरची पोरगी काय लोकांची घाण काढायला जाणार? मी बैठकीत येऊन एका दमात सगळं सांगून टाकलं. तुम्ही वर पाहिलंही नाहीत.

“माणूस हुडक.”

“मला ठाव हाय की तो, आबा.”

“मग दुसरा हुडक.”

दुसरा माणूस त्या जंगलात नव्हता, आणि हे तुम्हालाही माहीत होतं. तरी मी बसले. आधी राग आला, मग रडू आलं, मग तेही ओसरलं. कितीतरी वेळानं मान वळवली, तर तुम्हीही चष्मा लावून चित्राकडेच बघत होतात, पान तसंच हातात. तेव्हा कळलं की वेळ तुम्हालाच हवा होता. मला तुमची फार माया आली. उन्हं कलल्यावर तुम्ही उठलात.

“न्हाई घावला ना? जा मग लातूरला. तुझ्या काकाला मी बघतो.”

आयुष्य चांगलं गेलं, आबा. अंबाजोगाईला नोकरी झाली, संसार झाला. ज्यांची घाण काढली ती माणसं अजून बाजारात थांबवून चौकशी करतात, भाजीवाली एखादी जुडी जास्तच टाकते. गुडघे कुरकुरतात, पण ते चालायचंच.

तुम्ही आता वाचायला नाहीत, हे पत्र पोस्टात पडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दुपारी मी हट्टानं बसले होते खरी, पण आतून पुरती घाबरले होते. परकं गाव, वसतिगृह, आजारी माणसं. तुम्ही नाही म्हणालात तर बरं होईल, असंच सारखं वाटत होतं. तुम्ही हो म्हणालात, म्हणून जावं लागलं.