मागची काच येईपर्यंत

बुधवार, ८ एप्रिल

नारळ पडला! सरळ मागच्या काचेवर!

पावसला साहेब-मॅडम बागेत आंबे बघायला उतरले. साहेब म्हणाले, त्या माडाखाली लाव, सावली आहे. मी म्हटलं, साहेब, माडाखाली नको. म्हणाले, अरे उन्हात आतून भट्टी होते, लाव. परत म्हटलं. परत — लाव. लावली. नळावर हात धूत होतो, तेवढ्यात धाड! वळून बघतो तर काचेच्या जागी भोक आणि नारळ आत, मॅडमच्या बॅगेशेजारी. काचेची पार खडीसाखर झालेली. चार महिन्यांची गाडी. विजेवर चालते, मांजरासारखी, आवाज म्हणून नाही. मुंबईत लोक थांबून फोटो काढतात हिचे.

साहेब धावत आले. "काशीराम, तू सांगायचं तरी!" मॅडमच म्हणाल्या, "दोनदा सांगितलं त्याने. मी ऐकलं." बरं वाटलं. कोणाला लागलं नाही हे मोठं.

संध्याकाळच्या रेल्वेने ते दोघं मुंबईला गेले. मला सांगून गेले — काच बसेपर्यंत गाडी सोडून हलायचं नाही. भोकाला प्लास्टिक चिकटवलं आणि तीसच्या वेगाने रत्नागिरीत आलो. सगळा रस्ता प्लास्टिक फडफडत होतं. एकोणतीस वर्षं स्टिअरिंग धरतोय, इतकी लाज कधी वाटली नव्हती.

गुरुवार, ९ एप्रिल

कंपनीचं वर्कशॉप कोल्हापूरला. फोन केला. काच यायला तीन आठवडे, वर गाडी ट्रेलरवर घालून आणा म्हणाले. लॉजवाल्याने मिरजोळ्याच्या अलीचं नाव सांगितलं.

एमआयडीसीत पत्र्याची शेड. अली पंचेचाळिशीचा असेल. पंधरा वर्षं मस्कतला हेच काम करत होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग प्लास्टिक अलगद काढलं, जखमेवरची पट्टी काढावी तसं. म्हणाला, "काशीरामभाऊ, हिच्या काचेत तापायच्या तारा असतात, रेडिओची एरियल असते, वर कॅमेऱ्याला जागा असते. दुसरी कुठली कापून बसवणार नाही मी. हिचीच मागवू." मुंबईच्या एका काचवाल्याला फोन लावला. पाच-सहा दिवस. साहेबांना विचारलं, ते हो म्हणाले.

मग दोन तास आम्ही काचेचे दाणे वेचत होतो. सीटच्या फटीत, डिकीच्या रबरात, कुठे कुठे! अली म्हणाला, मुंबईला पोचल्यावरही सापडतील.

शेडच्या मागे त्याच्या आईच्या, कनीजचाचीच्या, भाड्याच्या तीन खोल्या आहेत. एक रिकामी होती. खिडकीतून गाडी दिसते. तीच घेतली.

शुक्रवार, १० एप्रिल

काम काही नाही. दोनदा गाडी पुसली.

दुपारी अली नमाजाला गेला. मी गावी बायकोला, राहीला, फोन लावला. म्हणाली, "तुमी कुटं हाव?" म्हटलं, रत्नागिरीत. "मग गावाक का नाय येताव?" गाडी सोडता येत नाही म्हटलं.

मग म्हणाली, "मी येऊ?"

शनिवार, ११ एप्रिल

आली! मंडणगडहून सकाळच्या एसटीने, पाच तास उभी-बसती करत. अलीने दम दिला, "जा ओ, मी आहे इथे. गाडीला काय पंख फुटलेत?" म्हणून स्टँडवर गेलो.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. एसटीतून उतरणाऱ्या बायकांमध्ये मी तिला शोधत होतो आणि ती माझ्यासमोर येऊन उभी होती. चष्मा! म्हटलं, "हा कधी लागला गो?" म्हणाली, सहा महिने झाले. चिपळूणला सानवीने नेऊन करून दिला. मुलीने मला सांगितलं नाही, हिने सांगितलं नाही. दर दोन दिवसांनी फोन करतो मी. पण फोनमध्ये चष्मा कुठे दिसतो!

पिशवीत तांदळाचं पीठ, सोलं, सुका जवळा. दोन दिवसांसाठी आलीय म्हणे.

गाडी बघितली. हात मागे बांधून बघितली, देवळात बघतात तशी. "ही खाते काय?" म्हटलं, वीज. "मग आमच्या गावात उपाशीच मरायची."

अली इतका हसला की त्याला शिडी धरावी लागली.

रविवार, १२ एप्रिल

सव्वीस वर्षं लग्नाला झाली. सलग सगळ्यात जास्त एकत्र राहिलो ते अकरा दिवस, एका गणपतीत. एरवी पाच नाहीतर सात. आणि त्यात घर भरलेलं — आई, भाऊ, पाहुणे.

आज सकाळी पाचला उठून नेहमीसारखा चहा केला, दोघांचा. तिने एक घोट घेतला आणि ठेवला. ती दुधाचा चहा पीतच नाही! आई गेल्यापासून घरात दूध येत नाही, कोरा प्यायची सवय झाली म्हणाली. मी जेवताना रेडिओ लावतो, ती म्हणाली, "कोण बोलतंय ते सारखं?" बंद केला. तिने कढीत मीठ जास्त घातलं. मी बोललो. ती म्हणाली, गावात असंच करते, कोणी काही बोलत नाही. बोलणार कोण? एकटीच जेवते.

म्हणजे नवीन लग्न झाल्यासारखंच आहे. फक्त गुडघे दुखतात.

सोमवार, १३ एप्रिल

कनीजचाची आणि राही मिरकरवाड्याला मासळी आणायला गेल्या. दोघींचं जमलंय. चाची तिला "राहीबाय" म्हणते. येताना बांगडे, आणि गप्पा अर्ध्याच राहिल्या म्हणून दारात उभ्या राहून आणखी अर्धा तास.

संध्याकाळी अलीने आम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर पिटाळलं. सुरूच्या झाडांखाली बसलो. राहीने चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या. मग अचानक आईचं सांगायला लागली. शेवटच्या दिवशी आई सकाळपासून दाराकडे बघत होती. काशी आला काय, काशी आला काय. राही सांगत राहिली, महाडपर्यंत आलेत, म्हाप्रळपर्यंत आलेत. मी तेव्हा मुंबईत साहेबांच्या पाहुण्यांना विमानतळावर सोडत होतो. निरोप मिळून निघालो, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.

"मी खोटं बोलले तिच्याशी," राही म्हणाली. "तुमी नव्हताव ना."

रागाने नाही म्हणाली. वाळूवर काडीने रेघा मारत म्हणाली. दोन वर्षं झाली आईला जाऊन आणि हे मला आज कळतंय. तिच्या चपला उचलून घेतल्या आणि चालत गाडीरस्त्यापर्यंत आणल्या. ती नको नको म्हणत होती. लोक बघत होते. बघू देत.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. ट्रान्सपोर्ट बंद. काच आली नाही.

बरं झालं!

(लिहिलं आणि मागे वळून बघितलं, कोणी वाचत तर नाही.)

गुरुवार, १६ एप्रिल

काच आली. लाकडी खोका, आत फोम, सगळं शाबूत. अलीने मोजपट्टी लावली आणि त्याचं तोंड उतरलं. आधीच्या मॉडेलची! कॅमेऱ्याची जागाच नाही. मुंबईच्या माणसाला त्याने फोनवर मराठी, हिंदी, अरबी तिन्ही ऐकवलं. परत पाठवायची, नवीन यायला दोन दिवस.

साहेबांना मी सांगायचं होतं. ते भडकले. "काय चाललंय काय तिथे? मी टॅक्सीने फिरतोय इथे!" मी आवाज पडका केला. हो साहेब, फार वाईट झालं साहेब, माझाही जीव रमत नाही इथे साहेब. समोर राही पदर तोंडात धरून हसत होती. मला तिच्याकडे पाठ करावी लागली.

ती दोन दिवसांसाठी आली होती. आज सहावा. जायचं कोणी बोलत नाही. शेळ्या शेजारच्या भिकाजीकडे सोडून आलीय, त्याला रोज फोन करून विचारते, खाल्लं काय, पाणी पाजलं काय. भिकाजी शेळ्यांना फोन देतो म्हणे!

शनिवार, १८ एप्रिल

बसली काच. नीट लिहून ठेवतो, असं काम परत बघायला मिळायचं नाही.

सकाळी आली. ह्या वेळी बरोबर. अलीचा मदतनीस गौरव लग्नाला गेलेला, म्हणून मीच हाताखाली. आधी बॅटरीची वायर काढली. मग लांब पात्याने चौकटीवरचा जुना गोंद तासून काढला — एका बाजूने अली, एका बाजूने मी. चौकट पुसून पुसून आरशासारखी केली. त्यावर प्रायमरचा काळा पातळ हात दिला, तो सुकल्यावर गोंदाची जाड रेघ. अलीने ती एका दमात ओढली, मध्ये श्वासही घेतला नाही. मग काचेला रबरी पकडी लावल्या, एक बाजू त्याने, एक मी. मी पकड गरजेपेक्षा घट्ट आवळली. अली हळूच म्हणाला, "भाऊ, स्टिअरिंग समजा."

ठेवली. अली इकडून बघतो, तिकडून बघतो. मागून राही म्हणाली, "डावीकडं फट जास्त हाय."

अली म्हणाला, नाही वहिनी, सारखी आहे. ती म्हणाली, "जास्त हाय." त्याने मोजपट्टी लावली. दोन मिलिमीटर! चिकटायच्या आत सरकवली. अली माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनींना ठेवून घेतो कामाला." राहीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. चेहरा असा, जशी रोज हेच करते.

वायरी जोडल्या. काचेच्या तारा तापल्या, कॅमेरा दिसला, रेडिओ लागला. दार बंद केलं आणि आतली ती जुनी शांतता परत आली. बाहेर अली बोलत होता, त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते.

अली म्हणाला, चोवीस तास हलवू नका.

साहेबांचा फोन आला. कधी निघतोस? मी म्हटलं, "साहेब, अली म्हणतो गोंद वाळायला दोन दिवस लागतील. सोमवारी पहाटे निघतो."

एकोणतीस वर्षांत साहेबांशी पहिलं खोटं. एका दिवसाचं.

रविवार, १९ एप्रिल

तो एक दिवस.

राहीला सांगितलं कसा मिळवला. "लबाड!" म्हणाली. इतकी खूश झालेली मी तिला सानवीच्या बारशानंतर बघितली नव्हती. घावणे केले. अली आणि चाची आमच्याकडे जेवले. मी सगळ्यांना वाढलं. चाची म्हणाली, पुरुष वाढतो ते बघायला ही वयं व्हावी लागली.

दुपारी राहीने विचारलं, "अजून किती वर्सं गाडी चालवायची?" म्हटलं, बघू. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

बघू. हेच म्हणत आलोय मी.

सोमवार, २० एप्रिल

मुंबई. पोचलो. पहाटे निघालो. राहीला म्हटलं, चल, खेडपर्यंत सोडतो, तिथून मंडणगडची एसटी पकड. साहेबांच्या गाडीत घरचं माणूस कधी बसवलं नाही, आज बसवणार होतो. ती म्हणाली नको, खोली झाडायची, चाचीला चावी द्यायची, दुपारच्या एसटीने जाते. वाटेत खायला भाकरी बांधून दिली. गेटपाशी उभी राहिली. नवीन काचेतून वळणापर्यंत दिसत होती. हात हलवला नाही, नुसती उभी.

साहेबांनी काचेवर बोट फिरवलं. म्हणाले, "कळतही नाही रे, कुठे फुटली होती!"

माझी खोली आहे तशीच. चहा केला, दुधाचा. अर्धा टाकून दिला.

मंगळवार, २१ एप्रिल

सकाळी राहीला फोन केला, घरी नीट पोचलीस ना विचारायला. म्हणाली, गेलेच नाय. मिरजोळ्यातच आहे. चाचीकडून खोली महिन्यावर घेतली. शेतात तसंही भिकाजीच राबतो, शेळ्याही त्यालाच दिल्या. उद्यापासून काजूच्या कारखान्यात जाणार, चाचीच्या ओळखीने. मी म्हटलं, अगो, मला विचारायचंस तरी! म्हणाली, "विचारलं ना परवा. तुमी म्हणालाव, बघू. मी बघितलं." वर म्हणाली, "तुमी कधी येताव ते सांगा. नायतर मी राहीन एकटी. मला सवय हाय."

फोन ठेवला आणि लिफ्टने वर गेलो. साहेब नाश्ता करत होते. म्हटलं, साहेब, तीस तारखेपर्यंत आहे मी. पुढे दुसरा माणूस बघा.