अकरा थांबे

३ फेब्रुवारी
ताईचा फोन आला. एकोणीस तारखेला डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक डोळा आधीच गेलाय, दुसरा राहील की जाईल, डॉक्टरलाही खात्री नाही म्हणे. "त्याआधी ये. तुझं तोंड एकदा नीट बघू दे."
येते म्हटलं. फोन ठेवला आणि मग मोजलं. बसने चार तास.

४ फेब्रुवारी
हे गेले ते बसमध्येच. सहा वर्षं झाली. मी खिडकीला डोकं टेकून झोपले होते. जागी झाले तेव्हा त्यांचा हात माझ्या मांडीवर होता, आणि थंड. किती वेळ तसा होता कोण जाणे.
त्यानंतर बसच्या पायरीवर पाय ठेवला नाही. कुणी बोलावलं की वेळ नाही म्हणते. शर्टांची काजं-बटणं करून देते घरी, त्यामुळे लोकांना खरंही वाटतं.

५ फेब्रुवारी
शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही कळलं ते वाचनालयामुळे. आज तिथून भीतीवरचं एक पुस्तक आणलं, एका बैठकीत संपवलं. मोठ्या भीतीचे लहान तुकडे करा आणि रोज एक तुकडा संपवा, असं त्यात आहे. बुवाबाजी नाही, पटण्यासारखं आहे.
ताईच्या गावापर्यंत अकरा थांबे. रोज एक थांबा पुढे जायचं, उतरायचं, परत यायचं. सोळा तारखेला ताईच्या दारात. वर दोन दिवस हाताशी. कागदावर आखून भिंतीला लावलं: पहाटे चारला उठणे, नऊपर्यंत शर्ट, साडेनऊची बस.
नियम एकच. बसमध्ये डोळे मिटायचे नाहीत. मिटले तर तो थांबा धरायचा नाही.

६ फेब्रुवारी
पहिला थांबा. अकरा मिनिटं. दांडा इतका घट्ट धरला की तळहाताला गंजाचा वास राहिला.

८ फेब्रुवारी
तिसरा. कंडक्टर ओळखायला लागलाय.
"मावशी, आज कुठवर?"
"तिसऱ्या थांब्यापर्यंत."
"कोण असतं तिथे?"
"कोणी नाही."
"मग उतरता कशाला?"
"परत यायला."
तो डोकं खाजवत पुढे गेला. मागच्या बाकावरची बाई हसली. मलाही जरा हसू आलं, पण ते गाडी थांबल्यावर.

१० फेब्रुवारी
पाचव्याआधी वळणावर डोळे मिटले. आपोआप. आजचा फुकट.

११ फेब्रुवारी
पाचवा झाला. एक दिवस मागे.

१४ फेब्रुवारी
सातव्या थांब्यावर ह्यांना उतरवलं होतं. चौघांनी धरून. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर ठेवलं होतं.
काल तो बाक दिसला आणि डोळे मिटले. आज बाक दिसायच्या आधीच मिटले.
संध्याकाळी शर्टांचं काम देणारे शिंपीदादा आले. "बटणं लावताय, का ती झाडाला यायची वाट बघताय?" चाळीस शर्ट तसेच पडलेत. जाऊन यायलाच सगळा दिवस जातो. चारला उठायचं ते आता तीनला.

१५ फेब्रुवारी
पुन्हा सातवा. पुन्हा मिटले.
खालच्या मजल्यावरची नर्स जिन्यात भेटली. "एकदा तिकीट काढून थेट जाऊन या ना, मावशी. पाण्यात पडल्यावरच पोहता येतं."
"बुडताही येतं," म्हटलं.
ती जिना उतरून गेली. वाईट बोलले मी.

१६ फेब्रुवारी
सातवा झाला. बाकावर एक माणूस पेपर वाचत बसला होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण उघडे ठेवले. आज ताईच्या दारात असायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी
नववा. उद्या ऑपरेशन.
मी उठले तसा कंडक्टर म्हणाला, "अहो, दोनच राहिलेत. बसा आता, चला शेवटपर्यंत."
पाय म्हणत होते बसून राहा. कागद म्हणत होता उतर. उतरले.
गाडी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभी होते. इतकी मूर्ख बाई मी दुसरी पाहिली नाही.

१९ फेब्रुवारी
ताईचा फोन नाही. मीही केला नाही. काय तोंडाने करू? बसला गेले नाही, चाळीसच्या चाळीस शर्ट पुरे केले.

२० फेब्रुवारी
दहावा.

२१ फेब्रुवारी
ताईकडून लिहितेय. ऑपरेशन झालं नाही. ठरलेलंच नव्हतं. तिचा दुसरा डोळा सात महिन्यांपूर्वीच गेला. "तू घराबाहेर पडावीस म्हणून तारीख सांगितली," म्हणाली. सात महिन्यांत तिने मला चारदा बोलावलं आणि चारदा मी वेळ नाही म्हटलं. ती भिंत धरून स्वयंपाकघरात जाते. चहा ओतताना कपात बोट घालून बघते, भरला का.
माझ्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलीस गं," म्हणाली. मग विचारलं, "एकटी आलीस ना एवढ्या लांब? भीती नाही ना वाटली?"