वस्ती चारची हद्द

३ जुलै, रविवार. पहाटे ५.१०
(पाचला उठायचं ठरलं होतं. दहा मिनिटं उशिराची नोंद करून ठेवते.)
काल वस्तीच्या बैठकीत माझी सीमा व ओळख समितीची सचिव म्हणून एकमताने निवड झाली. समितीत मी आणि एन्दांग, अशा दोघी. सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेसाठी यंदा प्रत्येक वस्तीने आपली हद्द आणि आपली ओळख लेखी द्यायची आहे. पहिल्या नंबराला सिमेंटची पक्की कमान. आमच्या या उपनगरात एक वस्ती कुठे संपते आणि दुसरी कुठे लागते, हे पोस्टमनलाही सांगता येत नाही. म्हणजे काम मोठं आहे.
वस्तीप्रमुख पाक दार्योनो म्हणाले, वेनिंग शिकलेली आहे, शिवाय तिला वेळ आहे. शेवटच्या तीन शब्दांकडे मी लक्ष दिलं नाही.
आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिली. आई अंगठा लावते. आजवर आमचं घर लोकांना माहीत आहे ते आईच्या पळीमुळे. कुठे कार्य निघालं की आधी हाक, सुमियेमला बोलवा. आता लेखणीमुळे माहीत होईल. हा गर्व नाही.
संकल्प: नखं खायची नाहीत. तीनदा मोजल्याशिवाय लिहायचं नाही. आईवर चिडायचं नाही.

५ जुलै
जुन्या माणसांना हद्द विचारली. कार्तो आजोबा म्हणाले, मी मेल्यावर ज्यांना कामाची सुट्टी काढून यावं लागेल, तिथपर्यंत आपली वस्ती. मी मीटरमध्ये सांगा म्हटलं. तर म्हणाले, मेल्यावर मोजून घे.
बू लास्त्री म्हणाल्या, अगं, कार्य झालं की बरकतीचे डबे जिथवर जातात ती हद्द, त्यात मोजायचं काय मेलं? आणि हातावर गरम भजं ठेवलं. भजं खाल्लं. मुद्दा नोंदवला नाही. भाताचे डबे हा पुरावा नव्हे.
आईला विचारलं नाही. ती माहितीचा लेखी स्रोत नाही.

१० जुलै, रविवार
मोजणी. टेपचं दुसरं टोक एन्दांग धरणार होती. तिने तसा शब्द दिला होता. नऊला आली, अकरा मिनिटं धरलं, मग तिच्या होणाऱ्या नवऱ्याची मोटरसायकल वाजली. बाळपणीची मैत्रीण. असो.
टोक पाक गातोट यांच्या पारव्याच्या पिंजऱ्याच्या खांबाला बांधलं. ओढताना खांब जरासा हलला (चार सेंटिमीटर). पाक गातोट म्हणतात, पारव्याने घुमणं बंद केलंय आणि घुमण्याच्या स्पर्धेतल्या पाखराचा आवाज गेला तर भरपाई म्हणून तू घुमणार का? लोक हसले. ज्यांच्यासाठी मी उन्हात उभी होते तेच लोक.
उजव्या हाताची दोन नखं गेली.

१५ जुलै, शुक्रवार
शोध लागला! अक्षर सांभाळून काढते आहे.
प्रभाग कार्यालयात १९८७चा नकाशा मिळाला. कारकून देत नव्हता, तीन तास बसले. शेवटी म्हणाला, घ्या बाई, पण जेवायला जाऊ द्या.
सगळ्यांची समजूत अशी की आपली हद्द म्हणजे रस्त्याकडेचा मोठा नाला. नकाशात हद्द पाण्याच्या चराने दाखवली आहे, आणि चर एकच आहे. पण मोठा नाला खणला तो १९९४ साली, पुरानंतर! म्हणजे नकाशातला चर तो नव्हेच. तो आहे पाक दार्योनोंच्या भिंतीमागचा, टांग टाकून ओलांडता येतो तेवढा. तीस वर्षं सगळी वस्ती चुकत आली आणि कुणाला शंकासुद्धा आली नाही.
परिणाम किरकोळ. दोन चरांच्या मधे एकच भूखंड पडतो, ३१/ब. तो वस्ती पाचमध्ये जाईल. तिथे कोण राहतं ते नकाशात नाही, आणि मी ते पाहणारही नाही. माणसं पाहून हद्द आखली की झालाच पक्षपात. असतील कुणी. बैठकांना न येणारे असणार.

१६ जुलै
नकाशाची स्वच्छ प्रत काढली. तीन रंग. सोबत घरांची यादी, एकेचाळीस.
आईने ओल्या हातांनी बघितला. म्हटलं, लांबून. ती म्हणाली, सुरेख काढलंयस गं, आता यात आपलं घर कुठंय ते दाखव. मी सांगितलं, आई, नकाशात घरं नसतात, भूखंड असतात. ती म्हणाली, बरं. आणि नारळ खवायला बसली.
चिडले नाही. फक्त आवाज चढला.

१७ जुलै, रविवार
बैठकीत अहवाल वाचला. पन्नास मिनिटं. (खरं तर बावन्न.) सगळ्यांनी एकमताने सह्या केल्या. पाक दार्योनोंनी शेंगदाणे सोलता सोलता केली, डाग पडला. एकानेही प्रश्न विचारला नाही. काम निर्दोष असलं की असंच होतं.

२४ जुलै, रविवार
ओळख ठरवायची बैठक. मी सुचवलं: ज्ञानवस्ती. सोबत चार पानांचं टिपण.
पाक गातोट: पारव्यांची वस्ती. बू लास्त्री: पिंपातल्या मागूर माशांची वस्ती. एवढ्यात स्पर्धेचे पाहणी करणारे दोघं आले. आईने त्यांच्यापुढे लोदेह वाढली, नारळाच्या दुधातली ती तिची नेहमीची भाजी. पहिल्याने दोनदा घेतली, दुसऱ्याने वाडगा पुसून खाल्ला आणि म्हणाला, अहो, ओळख कसली शोधताय, ती तर पातेल्यात आहे!
टाळ्या. ठरलं: लोदेहची वस्ती. कमानीवर पातेलं रंगवणार. ज्ञानवस्तीला एक मत. एन्दांग शेजारीच बसली होती आणि तिचा हात पातेल्यासाठी वर होता.
आई लाजून पदराआड हसत होती. आईने तरी मला मत द्यायचं होतं. टिपण तिला वाचून दाखवलं होतं.

३१ जुलै, रविवार
वस्ती पाचचे प्रमुख पाक तुगिमान आले. हातात माझ्याच नकाशाची प्रत. मोठ्या अदबीने म्हणाले, तुमच्या सचिवबाईंचं काम चोख आहे हो, त्यांच्या हिशेबाने भूखंड ३१/ब आमचा, तेव्हा ३१/बमधली लोदेहही आमची. कमानीवरचं पातेलं आम्ही रंगवू.
३१/ब म्हणजे आम्ही.

३१ जुलै, नंतर
पुन्हा तीनदा मोजलं. आम्हीच.

२ ऑगस्ट
पाक दार्योनो म्हणतात, तू सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, सांगितलं, पान सहा, परिच्छेद दोन, खाली तुमची सही आहे. ते म्हणाले, पोरी, सही तुझ्या तोंडाकडे बघून केली, कागदाकडे कोण बघतंय!
म्हणजे वाचलंच नव्हतं. एकानेही. बावन्न मिनिटं मी कुणाशी बोलत होते?
बू लास्त्री सगळ्यांदेखत म्हणाल्या, शिकून काय केलं, तर आईला घराबाहेर काढलं. मी दुरुस्ती केली: घराबाहेर नाही, घरासकट. कोणी हसलं नाही.
आईला विचारलं, आता तू काय करणार? म्हणाली, उद्या कार्तोकाकांकडे शंभर पानं आहेत, फणस चिरायचाय. आणि टांग टाकून चर ओलांडून गेली. माझ्या बाजूने दोन शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं?
संकल्प: कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.

७ ऑगस्ट, रविवार
वस्तीचं श्रमदान. मला निरोप नव्हता. फावड्यांचा आवाज ऐकून बाहेर आले. तो चर बुजवत होते! पाक दार्योनो, पाक गातोट, एन्दांगचा तो मोटरसायकलवाला, सगळे. अकरापर्यंत वर सिमेंट. कार्तो आजोबा खुर्चीवरून म्हणाले, घे गं, आता पाण्याचा चर एकच राहिला, काढ नवा नकाशा.
१९८७पासूनचा पुरावा साडेतीन तासांत. आई त्यांना चहा देत होती.
पाक दार्योनोंनी माझ्या अहवालाखाली बॉलपेनने लिहिलं: मोठ्या नाल्यापर्यंत. एवढंच. तारीखही नाही.

१४ ऑगस्ट, रविवार
बू लास्त्री घरी आल्या. सोळाच्या संध्याकाळी सगळी वस्ती जमणार, आई स्वयंपाक करणार, घरोघरी बरकतीचे डबे जाणार. म्हणाल्या, तुझी ती यादी दे, अक्षर छान आहे, त्यावरूनच डबे भरू. खाली तेवढं तुमचं घर लिहून टाक, म्हणजे झाले बेचाळीस.
मी नाही म्हटलं. सह्या झालेल्या कागदात स्वतःच्याच घराचं नाव घुसवायचं? उद्या लोक काय म्हणतील? दुरुस्ती करायची तर ती समितीने, ठराव करून. म्हणाल्या, समितीत तूच आहेस ना गं? मी म्हटलं, म्हणूनच.
यादी जशीच्या तशी दिली. तत्त्वाचा विजय. त्यांना चूक कळेल, मला बोलवायला येतील. तेव्हा ताणणार नाही, लगेच जाईन.

१६ ऑगस्ट, मंगळवार. संध्या. ७.००
इस्त्रीची केबाया घातली. दारात बसले आहे. गाणी ऐकू येतात.

७.४०
एन्दांग डब्यांची थप्पी घेऊन समोरून गेली. हात हलवला. तिला वाटलं असेल, आमचा डबा आई आणेल.

८.३०
टाळ्या. बहुधा निकाल.

९.१५
आई आली. स्पर्धेत तिसरे आलो. कमान नाही, दोन कुदळी.
डबा नव्हता. एकेचाळीस भरले, एकेचाळीस वाटले. बू लास्त्री यादीवर खुणा करत गेल्या. आईला वाटलं, आपला पोचला असेल. तिने पातेल्याच्या बुडाची खरवड केळीच्या पानात आणली होती. थोडी करपलेली. दोघींनी खाल्ली.
पळी तिने माझ्याच यादीत गुंडाळून आणली होती. कागद गुडघ्यावर पसरून सारखा केला, तेलाचे डाग पुसले. म्हणाली, इतकं सुरेख लिहितेस, मला एकदा बोट ठेवून दाखव ना, यात आपण कुठं आहोत.
यादी तीनदा वाचली. अक्षर सुवाच्य आहे.