उंदरांना काहीच झालं नाही

३ मार्च
जंतू टोचलेल्या एकाही उंदराच्या कानाच्या कातडीत जंतू नाहीत! दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. ती वळवळणारी नागमोडी दोरी कुठेच दिसली नाही.

लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराचा जंतू मुलखाचा आळशी. स्वतः फारसं काही बनवत नाही. गोचिडीकडून, उंदराकडून आयतं उचलतो. प्रथिनांचे तुकडे आत ओढणारं त्याचं जनुक मी काढलं — आणि तो टिकलाच नाही! सर म्हणाले, "परिषदेला तूच जा."

आईला फोन केला. "म्हणजे त्याला उपाशी मारलंस? घरातली पहिली पदवीधर, आणि धंदा हा!" मागे बाबा खो खो हसत होते.

२ जून
काढलेलं जनुक परत बसवलं. आता तरी उंदरांना लागण व्हायला हवी. झाली नाही. म्हणजे मार्चमधला माझा निष्कर्षच चुकीचा?

५ जून
सापडलं! या जंतूची जनुकं बऱ्याच सुट्या तुकड्यांवर असतात. परीक्षानळीत आपण त्याला सगळं आयतं भरवतो. फार दिवस असे लाड झाले की एखादा तुकडा तो टाकून देतो. गेलेल्या तुकड्यावर उंदराच्या अंगातलं एक जीवनसत्त्व वापरता यावं म्हणून लागणारं जनुक होतं. त्याच्याशिवाय तो तिथे जगणारच नाही — माझं जनुक असो वा नसो! टोचण्याआधी तुकडे तपासायचे असतात. मी तपासले नाहीत.

६ जून
सरांना सांगू? आईने अख्ख्या गल्लीला परिषदेचं सांगून टाकलंय. पण लपवायचं, तर शिकले कशाला?

७ जून
सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "परिषद विसर." मग म्हणाले, "तुकडा कधी गेला ते शोध. ज्यातून जंतू घेतलेस ती गोठवलेली मूळ नळी तपास."

बाहेर येऊन रडले. ताई चहा घेऊन आली — प्रयोगशाळेतली माझी सीनियर, मला नळी धरायलाही तिनेच शिकवलं. "अगं, उंदीर ठणठणीत आहेत ना? मग रडतेस काय, वेडाबाई!"

९ जून
मूळ नळीतही तो तुकडा नाही! माझ्या हाती यायच्या आधीच गेलेला! पळत जाऊन ताईला सांगितलं.

ती हसली नाही. तिच्या उंदरांनाही त्याच नळीतले जंतू टोचले होते. त्यांनाही लागण झाली नव्हती, आणि त्यावरच लिहिलेला तिचा शोधनिबंध गेल्या वर्षीच छापून आलाय.

"सरांना अजून सांगितलं नाहीस ना?"