उजवा खांदा आणि व्हे प्रोटीन

१८ मार्च, सोमवार

आजपासून मोठा उपास. ईस्टरपर्यंत मांस, मासे, अंडी, दूध, चीज बंद. बायकोनं, म्हणजे फोतिनीनं, सकाळीच फ्रिज पुसून कोरडा केला.

पण बातमी मोठी आहे. पापा येरासिमोसनी, म्हणजे आमच्या गावच्या पाद्रीबुवांनी, चर्चमध्ये बोलावून घेतलं. यंदा गुड फ्रायडेला प्रभूच्या फुलांच्या पालखीला पुढचा उजवा खांदा माझा. बाबांची जागा. तीस वर्षं ते तिथे होते. झेपत नसेल तर आत्ताच सांग, स्ताथिसला घेतो, असंही पापा म्हणाले. स्ताथिस माझा मेव्हणा, बेकरीवाला. मला न झेपायला काय झालंय?

घरी येताना चढावर दोनदा थांबलो. डोंगर बघत होतो.

२२ मार्च

डबा आला. व्हे प्रोटीन, व्हॅनिला. डब्यावरच्या माणसाला मान नाही, नुसते खांदे.

फोतिनीनं चष्मा लावून लेबल वाचलं. म्हणाली, अरे थ्रासो, हे दुधाचं आहे. मी समजावलं, दुधाचं नाही, दुधातून चीज काढल्यावर उरतं त्याचं. त्यावर चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, म्हणजे निवळीच की. मी डुकराला घालते ती. जावईबापू, आधी बोलला असतात तर बादलीभर दिली असती.

अडाण्यांशी वाद घालू नये. शिवाय ही पावडर कोरडी आहे. उपास ओल्या दुधाचा असतो. पापांना विचारलं नाही, त्यांना आधीच कामं फार.

२३ मार्च

पहिला ग्लास. फोतिनीनं स्वतः ढवळून आणून दिला, रोज देणार म्हणाली. तिला पटायला वेळ लागतो, पण पटतं. चव जरा मातकट. परदेशी व्हॅनिला असाच असणार.

२५ मार्च

आज सणाची मासे खायची मुभा. चार तुकडे खाल्ले, वर ग्लास. फरक पडतोय. शर्टाचं बटण तुटलं. छातीचं नाही, त्याच्या बरंच खालचं, पण सुरुवात कुठून तरी होणारच.

९ एप्रिल

सासूबाईंचं एक कोकरू आहे, आई मेलेलं, बाटलीवर वाढतंय. मागच्या महिन्यात उभं राहत नव्हतं. आज धडक देऊन मला पाडलं. मी बेसावध होतो.

१६ एप्रिल

स्ताथिस महिनाभर नुसते चणे, बीन्स, ऑलिव्ह खातोय. कीव आली. बेकरीत जाऊन त्याला प्रोटीनचं महत्त्व सांगितलं. पिठाची पोती उतरवत ऐकत होता. हो भाऊजी, म्हणाला.

२७ एप्रिल

व्यायाम सोमवारपासून. आधी प्रोटीन अंगात मुरू द्यावं.

२९ एप्रिल, सोमवार

गुडघा दुखतोय.

४ मे, शनिवार

काल पालखी. बाबांच्या जागेवर उभा राहिलो आणि डोळे भरून आले. विहिरीपर्यंत सगळं नीट. पुढे चढ लागला आणि माझ्या बाजूची फुलं घसरायला लागली. पापांनी स्तोत्र थांबवलं नाही. त्याच सुरात म्हणाले, स्ताथिस, खांदा दे. मागच्या बायकांनी तेही भक्तिभावानं म्हटलं.

माझ्या हातात कंदील दिला. तो मात्र मी शेवटपर्यंत नेला. वारा होता.

कारण उघड आहे. उपास मोडला, देवानं शिक्षा केली. ताकद होतीच.

५ मे, ईस्टर

अंगणात कोकरू निखाऱ्यावर फिरत होतं. जेवायला पापाही होते. सगळ्यांसमोर उभा राहून कबूल केलं, की उपासात व्हे प्यायलो आणि देवानं खांद्यातलं बळ काढून घेतलं.

फोतिनी म्हणाली, देवाला कशाला मध्ये ओढतोस? पहिल्या रात्रीच मी डबा ओतून त्यात भाजलेल्या चण्याचं पीठ भरलं. माझ्या घरात उपास मोडू देईन होय.

मग पावडर कुठे गेली, मी विचारलं. सासूबाईंनी सुरीनं निखाऱ्यावरच्या कोकराकडे दाखवलं. बाटलीतून पाजली, म्हणाल्या. बघा कसं भरलंय.

सळई मला आणि शेजाऱ्याला मिळून उचलेना. स्ताथिसनं उचलली.

मांडीचा मोठा तुकडा मागून घेतला. शेवटी माझं प्रोटीन माझ्याच पोटात आलं, हिशेब चुकला नाही.

निघताना पापांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, कंदील छान धरतोस. पुढच्या वर्षीही तुझाच.