‘हायजिनिक’ हा शब्द आम्हालाही मिळणेबाबत

प्रति,
मा. स्वच्छता अधिकारी साहेब,
तालुका कार्यालय, नायगाव, जि. नांदेड.

विषय : ‘हायजिनिक’ या शब्दाचा अर्थ व वापर कळवून तो आमच्याही खानावळीवर लावू देणेबाबत.
संदर्भ : समोरच्या खानावळीची नवी पाटी.

महोदय,

अर्जदार कस्तुराबाई ही बसस्टँडामागे खानावळ चालविते. समोरची खानावळ तिची धाकटी जाऊ उज्वला हिची. चुली वेगळ्या झाल्या तरी पोळ्याला पुरणाचे ताट इकडून तिकडे जात असे. मागील महिन्यात उज्वलाने ‘हायजिनिक भोजनालय’ अशी पाटी लावली आणि अर्जदाराचे गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेले. अर्जदाराचा जळफळाट झाला, हे ती सरकारपासून लपवीत नाही.

तिने खाजामियाँ पेंटरांना तशीच पाटी मागितली. त्यांनी ब्रश खाली ठेवून सांगितले, “भाभी, तो शब्द उज्वलाबाईनं घेतला हाय. आता सरकारनं दिला तरच.” करिता हा अर्ज.

सदर शब्दाचा अर्थ ‘आरोग्य राखणारी स्वच्छता’ असा असल्याचे कळते. तसे असल्यास अर्जदार सासूच्या काळापासून पाणी उकळून गाळते, नखे वाढू देत नाही, डोक्यावर पदर घट्ट घेऊन भाकरी थापते. उज्वला हातमोजे घालते, हे खरे. परंतु त्याच मोज्यांनी मोबाईल चोळते, म्हशीला थोपटते आणि पुन्हा पिठात हात घालते. तेव्हा हा शब्द हाताला लागू आहे की मोज्याला, याचा खुलासा व्हावा. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणाल. अर्जदाराचे अंगण रोज सारवलेले असते, येऊन पाहावे.

गिऱ्हाईक गेले ते सोसले. परंतु अर्जदाराचा नवरा सटवाजी, जो आपल्याच कार्यालयात शिपाई आहे, तोही दुपारी तिकडेच जेवू लागला. विचारले तर म्हणाला, “तिथं हायजिनिक हाय, तुला न्हाई कळायचं.” लग्नापासून ज्या हातचे बोटे चाटून खाल्ले, तो हात एका पाटीने घाण झाला काय? उज्वला त्यास “भावजी, अजून एक घ्या” असा आग्रह करते. तो आवाज रस्त्याच्या अलीकडे ऐकू येतो आणि इकडे तव्यावरची भाकरी करपते.

तरी सदर शब्द अर्जदारास द्यावा. देता येत नसल्यास जावेकडूनही काढून घ्यावा. तेही जमत नसल्यास सोबतचा डबा आपल्यासमोर सटवाजीस द्यावा. डबा रिकामा परत आला, तर शब्द उज्वलालाच राहू द्यावा व हा अर्ज निकाली काढावा.

आपली नम्र व अद्याप न जेवलेली,
कस्तुराबाई सटवाजी बोधने
नायगाव, दि. १४ जुलै २०२५

सोबत : डबा एक. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. (हात धुऊन उघडावा.)