बेचाळीस रजा आणि अर्धा तास

प्रिय रतन यास,

मरोळच्या गाळा नंबर सतरामधून दत्तारामचा जय भीम. तू, तुझी आई, सोयाबीन आणि तुझा उजवा गुडघा, सगळे धडधाकट असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. सोमवारपासून फोन लावतोय, सदा बिझी. (गावी जाऊन शेती धरलेल्या माणसाला एवढं बोलायला भेटतं तरी कोण रे?) म्हणून शेवटी कुरिअरने पत्र.

आधी खर्च ऐक. अपूर्वाने पंधरा दिवस बेंगळुरूला बोलावलं. राहणं लेकीकडे, जेवण लेकीचं, विमानाचं तिकीटसुद्धा तिनेच काढलं. म्हणजे कागदावर फुकट. प्रत्यक्षात ही सहल मला पडली मुलुंडच्या आपल्या पंख्याच्या पात्यांच्या कारखान्यातल्या बेचाळीस माणसांच्या गणपतीच्या रजेला.

पण सहल म्हणालो की अपूर्वा चिडते. "बाबा, ही सहल नाही, काम करत करत फिरणं आहे." आता सगळे असंच करतात म्हणे. हॉटेलात कॉफी घेऊन बसायचं, मांडीवर लॅपटॉप, आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघायचं. (आपणही कामासाठी फिरलोच की. मॉनिटर मांडीवर घेऊन रिक्षाने मरोळ ते मुलुंड, आणि खिडकीबाहेर बघायची सोय नाही, कारण खिडकीत तू.) प्रोग्रामही आता कोणी लिहीत नाही, नुसता सांगतात. पोरं यंत्राशी सासूशी बोलावं तसं मऊ बोलतात आणि ते भराभर लिहून देतं. मी चाट पडलो. आपण दोघांनी त्या कारखान्याचा हजेरी-रजेचा प्रोग्राम लिहायला सव्वा वर्ष घातलं होतं, आठवतं? दिवसभर तू पाळीवरच्या माणसांत उकिडवा बसून विचारत फिरायचास, आणि मी गाळ्यात टाइप करायचो.

तर तिसऱ्या दिवशी, डोसा यायची वाट बघताना, मी आपला जुना प्रोग्राम त्या यंत्राला दिला आणि म्हटलं, नवा करून दे. अर्ध्या तासात दिला! मध्ये एकदाच त्याने विचारलं: इथे एका माणसाच्या नावावर एकाच दिवशी दोन पाळ्या लागतात, ही चूक दिसते, काढून टाकू का? तेवढ्यात डोसा आला. मी 'हो' दाबलं. संध्याकाळी इंटरनेटवरूनच नवा प्रोग्राम कारखान्यात बसला आणि शेठने जुना पीसी सगळ्या नोंदींसकट भंगारात काढला. (सल्ला माझाच.)

सहल संपायच्या आदल्या दिवशी अपूर्वाने मला तिच्या मित्रमंडळींच्या सभेत उभं केलं. साठ-सत्तर पोरं, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. मी छाती फुगवून सांगितलं, "सव्वा वर्षाचं काम अर्ध्या तासात, आणि कारखान्यातून आजवर एकही तक्रार नाही!" टाळ्या रे, काय सांगू. एका पोराने तर माझ्यासोबत फोटो काढला.

सोमवारी पेढे घेऊन मुलुंडला गेलो. गेटवरच कुंडलिक उभा. (आपला प्रेसवरचा, केस पूर्ण पांढरे झालेत, आवाज तोच.) हातात चिठ्ठी: रजा नामंजूर, दिवस शिल्लक नाहीत. म्हणाला, "काय रे दत्ताराम, माझो गणपती काय आता तुझ्या कॉम्प्युटरात बसवू?" मागे एकेचाळीस जण तशीच चिठ्ठी धरून. पेढ्यांचा बॉक्स मी पाठीमागे धरला.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. ती दोन पाळ्यांची 'चूक' म्हणजे तुझं जोडीदार-खातं. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला आणि दसऱ्याच्या नागपूरला तुमची माणसं जायची, तेव्हा कोकणातल्यांनी त्यांची पाळी स्वतःच्या पाळीला जोडून काढायची, गणपतीत उलट. वर्षभर दुसऱ्याचे भरलेले दिवस भाद्रपदात सुट्टी म्हणून परत. तीस वर्षांत प्रेस एक दिवस बंद नाही, की कुणाचा सण बुडाला नाही. यंत्राने ते सगळं पुसून कारखाना एकदम शिस्तीत आणला. आता ज्याला-त्याला दुसऱ्याकडे निघणारे दिवस तोंडपाठ आहेत, स्वतःकडचे कोणालाच आठवत नाहीत. परवा कँटीनमध्ये मिथुन आणि कुंडलिक, वीस वर्षांचे जोडीदार, एकमेकांकडे पाठ करून जेवले. ते मला बघवलं नाही.

माझे कान तुला माहीत आहेत. पलीकडच्या खोलीतून नुसत्या प्रिंटरच्या खरखरीवरून सांगायचो, हजेरी छापतेय की रजा. रजेच्या ओळी आखूड, म्हणून त्याचं हेड लवकर मागे यायचं. आणि मध्येच अडखळला की तू ओरडायचास, "दत्त्या, कुणाचा तरी जोडीदार सुटला बघ!" हे नवं यंत्र चूक करतं तेव्हा हूं की चूं करत नाही. गावी जाताना तू म्हणाला होतास, "नवीन कर, पण कुंडलिकला विचारून कर." मी डोशाला विचारलं.

आईंना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
दत्ताराम

ता. क. दर डिसेंबरला तू (गावी गेल्यावरही, फोनवरून विचारून) सगळ्या जोड्या आणि दिवस लाल कापडी बांधणीच्या वहीत उतरवून घ्यायचास. मी हसायचो. ती वही जपली असशील तर घेऊन ये. गणपतीला एकोणीस दिवस उरलेत.

ता. क. दुसरा: आलासच तर ते दहा दिवस गाळ्यातच राहा. तू गेल्यापासून तीन वर्षं मी गावच्या गणपतीला गेलेलो नाही. फोन घ्यायला मागे कोणी नसतं. आमच्या सौ. सुलक्षणाने मला न विचारता यंदाची तिकिटं काढली आहेत. सहा डिसेंबर माझ्याकडे, नेहमीसारखा.

ता. क. तिसरा: कुंडलिकची चिठ्ठी आत्ता नीट वाचली. यंत्राने बाकी सगळं बदललं, तळाची ओळ मात्र जशीच्या तशी ठेवली: 'तक्रार असल्यास रतन', आणि पुढे तुझा मोबाइल नंबर.